शिशाचे मणी

"यात रोडगे काय झकास होतीन रे गोलू," ओव्हनच्या काचेला नाक लावून आत पाहत रुख्मिणीबाई म्हणाली. "गोवऱ्या नाही, राख नाही, डोयात धूर नाही. वांगं टाकलं तं भरताले भाजून निंघीन."

"माय!" गोलू असा ओरडला की ओव्हन उतरवून देणारा ऑटोवालाही दचकला. "किती खेपा सांगू तुले? हा ओव्हन शिशाच्या कामाचा हाये. यात रोडगा नाही, पापड नाही, शेंगदाण्याचा एक दाणा नाही. आज नाही, उद्या नाही, जनमात नाही."

"बरं बाप्पा. मी काय पीठ मळून आणलं का? म्हणून पाह्यलं फक्त."

घरात दोन महिने कोणी हसलं नव्हतं, म्हणून बिचारी बोलून गेली. पण हसवायला जावं तर पोरगा अंगावर येत होता. एरवी ती कोणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. पण हल्ली कोणी आवाज चढवला की तिला वाटायचं, चढवू दे, आपणच केलंय सगळं.

इंझोरीच्या भोईवस्तीत तिचं घर म्हणजे मण्यांचं घर. धरणावर फेकजाळं टाकतात, त्या जाळ्याच्या काठाला बोटाच्या पेराएवढे शिशाचे मणी ओवलेले असतात. त्यांच्या वजनानं जाळं हवेत गोल उघडतं आणि पाण्यात सरळ तळाला जातं. नवरा होता तोवर तो जाळं टाकायचा आणि ही मणी ओतायची. नवरा गेला, जाळं विकलं, मणी मात्र राहिले. आसपासच्या गावांतले भोई तिच्याकडूनच मणी न्यायचे. आवारातल्या जोडचुलीवर एकीकडे शिसं वितळायचं आणि दुसरीकडे वरण शिजायचं. तीस वर्षांत कोणाला काही झालं नाही, असं ती छातीठोक सांगायची. म्हणजे परवापरवापर्यंत सांगायची.

मग नात पांढरी पडायला लागली. संस्कृती, अडीच वर्षांची. खेळता खेळता बसून जायची, पोट धरून रडायची, माती खायची. लोहाच्या औषधाच्या बाटल्या संपल्या, मीठ-मिरचीनं दृष्ट काढून झाली, वस्तीतल्या गोमतीबाईनं सांगितला म्हणून काळा दोराही बांधून झाला. शेवटी गोलू आणि त्याची बायको वैष्णवी तिला अकोल्याला घेऊन गेली, आणि रुख्मिणीबाईही हट्टानं बरोबर गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं पाहिली आणि विचारलं, "घरात शिशाचं काम कोणी करतं का? बॅटऱ्या वगैरे?"

गोलूनं मायकडे पाहिलं. ते त्याचं पाहणं रुख्मिणीबाईच्या काळजात जे रुतलं, ते रुतलंच.

रक्तात शिसं चौतीस निघालं. "किती पायजे होतं?" तिनं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाचाच्या आत. खरं म्हणजे असूच नये." शिसं पोरीच्या हाडांत जातं, डोक्यात जातं, पुढं शिकण्या-बोलण्यात मागं पडू शकते, असंही त्यांनी समजावून सांगितलं. जिथून येतंय तिथून थांबलं तर हळूहळू उतरेल, नाही थांबलं तर औषधाचा उपयोग नाही.

वैष्णवी भांडली असती तर परवडलं असतं. तिनं घरी येऊन शांतपणे पिशवी भरली, पोरीला कडेवर घेतलं आणि दारात थांबून म्हणाली, "आई, मी तुमच्याशी भांडत नाही. पण ज्या घरात शिसं हाये तिथं मी पोट्टी ठेवत नाही. शिसं घराबाहेर गेलं की येतो." आणि माहेरी रिठदला निघून गेली.

"बंद करून टाकतो रे," रुख्मिणीबाईनं त्याच दिवशी सांगितलं. "आग लागो त्या मण्याले."

"बंद करून काय होईन? लोक दुसरीकडून आणतीन. उघडं शिसं दिवसभर हातात धरतीन, तेच हात घरी पोराबाराले लावतीन." गोलूनं थोडा विचार केला. "माय, त्याच्यावर पावडर चढवली तं?"

गोलू सहा वर्षं अकोल्याच्या एमआयडीसीत लोखंडी कपाटांना पावडर कोटिंग करत होता. रंगासारखी कोरडी भुकटी चढवायची, भट्टीत तापवायची, की ती वितळून वस्तूवर काचेसारखं कवच बसतं. कपाटावर बसतं ते मण्यावर का बसणार नाही? हात काळा होणार नाही, चोळलं तरी शिसं सुटणार नाही. पंधरा दिवसांत त्यानं नोकरी सोडली आणि गावात येऊन राहिला. बायको-पोर घरी आणायची तर दुसरा रस्ता त्याला दिसत नव्हता.

जागा ठरली ती घरापासून चाळीस पावलांवरचा, बोरीच्या झाडापलीकडचा बकऱ्यांचा रिकामा गोठा. जुनी जोडचूल रुख्मिणीबाईनं स्वतःच्या हातानं कुदळीनं फोडली. तिथली वीतभर माती खरवडून पोत्यांत भरली, तोंडं शिवली आणि नवी माती आणून आवार सारवलं. गोठ्याला नवे टिन लागले, भिंतीत धूर ओढणारा पंखा लागला, खाली फरशी आली, कारण फरशी ओल्या फडक्यानं पुसता येते. झाडू आत न्यायचा नाही, झाडूनं धूळ उडते. दाराशी दोन खुंट्या. एकीवर कामाचं लुगडं, दुसरीवर घरचं. कामाच्या चपला आतच राहायच्या. बाहेर पडताना कोपरापर्यंत साबण, मग मागच्या न्हाणीत आंघोळ, मग घर. पावडर उडते म्हणून नाकाला जाड मास्क. हे सगळं गोलूनं टिनाच्या पत्र्यावर खडूनं लिहून ठेवलं होतं, आणि रुख्मिणीबाई रोज सकाळी अक्षर-अक्षर जुळवून ते वाचायची. पाठ झालं तरी वाचायची.

राहिला होता ओव्हन. तो मिळाला मानोऱ्याच्या दुकानदार जिनेशशेठकडे. त्यांच्या रिंकूभाभींनी केक करायचे म्हणून हौसेनं घेतलेला, हौस फिटली तसा माळ्यावर पडलेला. जिनेशशेठनं सहज विचारलं, काय करता याचं, आणि गोलूनं खरं ते सांगून टाकलं.

"जाळ्याच्या मण्यासाठी? मासे मारायच्या कामाले?" शेठनं हात जोडले. "नाही भाऊ. आमच्या धर्मात बसत नाही. त्या कामाले मी वस्तू इकत नाही."

गोलू दुकानाची पायरी उतरला, पण मग त्याला राहवलं नाही. वळून त्यानं पोरीचं सांगितलं, चौतीस सांगितलं, वैष्णवीचं सांगितलं. शेठ बराच वेळ तराजूकडे पाहत बसले. मग म्हणाले, "इकत तं नाहीच. पोरीसाठी असंच घेऊन जाय. मले पुढचं काही सांगू नोको."

तर असा तो ओव्हन आला.

पहिली खेप फसली. धुऊन सुकवलेले मणी झाकणाच्या डब्यात टाकले, वर चमचाभर निळी पावडर टाकली, आणि गोलूनं डबा चाळणीसारखा गोलगोल हलवला. मणी निळे झाले खरे, पण ट्रेवर ते एकमेकांना चिकटून बसले आणि चिक्की झाली. दुसऱ्या खेपेला रुख्मिणीबाईनं शेवया वेगळ्या कराव्यात तसे चिमट्यानं एकेक मणी सुटे मांडले. दोनशे अंशावर वीस मिनिटं. त्याच्या फार वर गेलं तर शिसंच पाणी होऊन जायचं. ती काचेसमोर पाटावर बसली आणि वीस मिनिटं तिनं पाणीसुद्धा प्यायलं नाही. मळकट निळी पावडर हळूहळू ओली दिसायला लागली, मग चमकली. गार झाल्यावर गोलूनं एक मणी पांढऱ्या फडक्यावर घासघास घासला. फडकं पांढरंच राहिलं.

"पाय माय!" गोलूनं फडकं तिच्यापुढं धरलं. "काहीच लागलं नाही!"

रुख्मिणीबाईनं फडकं हातात घेऊन उजेडात धरलं, उलटं-सुलटं करून पाहिलं आणि रडायला लागली. शेजारची कमलीबाई कुंपणावरून डोकावली. ट्रेवरच्या चकचकीत निळ्या रांगा पाहून म्हणाली, "काय वं रुख्मिणे, काडतुसं कराले लागली काय? पोलीस येतीन!" त्या दिवशी मात्र घरात दोघंही हसली.

कामाची वाटणी झाली. सकाळी रुख्मिणीबाईनं शिसं ओतायचं, दुपारून गोलूनं पावडर चढवायची. पण मणी डब्यात जाण्याआधी एक काम तिचं एकटीचं होतं. दर ओतणीतले पाच-सहा मणी ती दाढेखाली धरायची. दात हलकाच रुतला तर शिसं चोख. रुतला नाही तर भंगारवाल्यानं कडक धातू मिसळलाय, तसला मणी जाळ्याची दोरी कापतो. सासूनं शिकवलेली पारख होती ती. लोक दुसऱ्या कोणाचा माल हातात घोळवून, वाकवून पाहायचे. हिचा मात्र पाहत नसत. "रुख्मिणीच्या दाताखालून गेला ना, मंग झालं," म्हणायचे. हे ऐकताना तिला कसं भरून यायचं! आयुष्यात दुसरं काय होतं मिरवायला? ना शाळा, ना शेत. एवढी एक दाढ. गोलूनं हे जन्मापासून पाहिलेलं, म्हणून त्याला ते दिसतच नव्हतं. मणी चावायला मास्क खाली करायची, चावून झालं की वर घ्यायची. मग साबण, आंघोळ, घरचं लुगडं, सगळं नेमानं.

रिठदला तीन महिन्यांत पोरीचं एकवीसवर आलं. गोलूनं गोठ्याचे फोटो पाठवले, पांढऱ्या फडक्याचा व्हिडिओ पाठवला, आणि एका गुरुवारी वैष्णवी आली.

पोरीला तिनं आवारातच, बरोबर आलेल्या भावाच्या कडेवर ठेवलं आणि आधी गोठा पाहिला. खिडकीच्या काठावरून बोट फिरवलं. खुंटीवरच्या लुगड्याला हात न लावता वास घेतला. पत्र्यावरचं सगळं वाचलं. मग घरात आली, चुलीची जुनी जागा पायानं दाबून पाहिली, फळीवरचे डबे पाहिले. रुख्मिणीबाई दाराला टेकून उभी होती, सून पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर पोरगी उभी राहते तशी. वैष्णवीनं हंड्यातलं पाणी घेतलं, घोटभर प्यायली आणि म्हणाली, "लय केलं आई तुमी."

एवढंच. पण रुख्मिणीबाईला तेवढं पुरलं.

पोरगी आधी ओळखेना. मग एकदम ओळखलं आणि "आजी, आजी" करत धावत सुटली. आजीनं दोन्ही हात वर धरले, "थांब वं माय, थांब, हात धुतो," म्हणत न्हाणीकडे पळाली. कोपरापर्यंत धुऊन आली आणि मग जी उचलली पोरीला, ती संध्याकाळपर्यंत खाली ठेवली नाही.

आणि जेवू घातलं. संस्कृतीच्या मागच्या दाढा अजून धड फुटल्या नव्हत्या. ज्वारीची भाकर तिला चावत नसे, दुधात कुस्करून दिली तर थुंकायची. आजी घास आधी आपल्या तोंडात घोळवून मऊ करायची आणि मग बोटावर घेऊन तिच्या तोंडात द्यायची. तसा दिला तर पोरगी चिमणीच्या पिलासारखी आ करून बसायची. गोलू असाच वाढला होता, गोलूचा बापही असाच. वैष्णवी पूर्वी नाक मुरडायची. पण त्या दिवशी समोर बसून पाहत राहिली. "रिठदले एक घास धड खाल्ला नाही हो तिनं. तुमच्याच हातानं खाते," असं म्हणाली आणि तिचेही डोळे पाणावले.

पुढचा महिना रुख्मिणीबाईनं कसा काढला ते तिलाच ठाऊक. रक्त तपासायची तारीख कॅलेंडरवर होती, आणि ती येताजाता त्या तारखेकडे पाहायची. दहा वेळा हात धुऊन बोटांना भेगा पडल्या. गोलू आंघोळ न करता ओट्यावर बसला म्हणून तिनं एकदा त्याला चक्क हाकललं. पोरगी जरा सुस्त दिसली की ही पापणी ओढून पाहायची, नखं पाहायची, आज कालच्यापेक्षा लाल वाटतात का वं, असं वैष्णवीला विचारायची. वैष्णवी म्हणायची, वाटतात. दोघी एकमेकींना धीर द्यायच्या आणि दोघींनाही तो पुरायचा नाही.

रिपोर्ट गोलूच्या फोनवर आला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. त्यानं तो तीनदा वाचला.

"किती?" वैष्णवीनं विचारलं.

"एकोणतीस."

"एकवीस होतं ना?"

"हो."

वैष्णवी उठली आणि आत जाऊन पिशवी काढली. पोरीचे फ्रॉक एकेक करून भरायला लागली. "माही चूक झाली," ती कपड्यांशीच बोलत होती. "रिठदले उतरून राह्यलं होतं. आणि मी फोटो पाहून आली. पत्र्यावरचं लिहिलेलं वाचून राह्यली."

"अवं, पण आलं कुठून?" गोलू वेड्यासारखा आवारात फिरत होता. "घरात कणभर नाही! मी सोता पुसतो! त्या ओव्हनचा धूर येत असन काय इकडे? पाण्यात असन काय?" तो तरातरा गोठ्याकडे निघाला. "फोडूनच टाकतो मी सगळं. ओव्हनही फोडतो."

इकडे पोरगी भुकेनं रडायला लागली होती. या गोंधळात तिच्या जेवणाची वेळ टळली होती. रुख्मिणीबाईनं तिला उचललं, ओट्यावर नेऊन मांडीवर घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. हात सवयीनं आपलं काम करत होते. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. गोलू अर्ध्या वाटेतून परत आला आणि त्यानं फोन मोठ्या आवाजावर लावून ओट्याच्या कडेला ठेवला.

"नीट आठवून सांगा," फोनमधून आवाज येत होता. "काजळ घालता का? स्वस्तातली रंगीत खेळणी? हळद सुटी आणता की दळून?"

"काजळ नाही मॅडम. खेळणी सगळी फेकली. हळद घरची."

"शिशाचं काम कोण करतं?"

"मी आन् माय. पण दोघंही आंघोळ करून घरात येतो. कपडे वेगळे, चपला वेगळ्या."

"पोरीला भरवतं कोण?"

"माय भरवते."

"हात धुऊन?"

"साबणानं, मॅडम. कोपरापर्यंत."

"कसं भरवतात? चमच्यानं, हातानं?"

रुख्मिणीबाईच्या तोंडातला घास मऊ झाला होता. मांडीवरची पोरगी रडणं थांबवून आ करून वर पाहत होती. बोट तोंडाशी गेलं आणि तिथंच थांबलं. आज सकाळी सहा मणी. काल पाच. परवा भंगारवाल्याचा नवा माल होता म्हणून दहा-बारा. हात धुतले, पाय धुतले, लुगडं बदललं, केस धुतले. पत्र्यावर गोलूनं सगळं लिहिलं होतं. तोंडाचं कोणी सांगितलं नव्हतं.

तिनं घास गिळून टाकला.

पोरीनं पुन्हा आ केला. आजी काही देत नाही असं पाहून ती तिच्या ओठांना बोटं लावायला लागली, आणि आजीनं मान एकदम मागं घेतली. कोणालाही न कळता हे सगळं इथंच गिळता आलं असतं. उद्यापासून मणी चावायचं सोडलं की झालं. उतरलं असतं पोरीचं, आणि सगळे म्हणाले असते, पाण्यातच होतं. पण सून तोवर पिशवी घेऊन रिठदला गेली असती, पोरानं गोठा फोडून टाकला असता, आणि डॉक्टरीणबाई भलतीकडेच शोधत बसल्या असत्या. पोरीच्या औषधात खोटं कसं चालेल?

"फोन ठेवू नोको रे," ती म्हणाली. "त्याहिले सांग, आजी चावून देते. आन् आजी शिसं चावते."

"काय?" गोलूला कळलंच नाही.

"मणी. दाढंखाली धरतो ना मी. चोख हाये का पाह्याले. रोज सकाळी." तिनं पदरानं ओठ पुसले. "मीच चारलं तिले, गोलू. याच तोंडानं चारलं."

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आजींनाही घेऊन या. उद्याच या."

वैष्णवी दारात उभी होती. पिशवी हातात होती. ती आली, पोरीला आजीच्या मांडीवरून उचललं, नळावर नेऊन तिचं तोंड धुतलं, ओठ धुतले, जीभ पदरानं पुसली, पुन्हा धुतलं. पोरगी किंचाळत होती. मग वैष्णवी तिथंच ओल्या दगडावर बसली आणि पोरीला छातीशी धरून मोठ्यानं रडली. रुख्मिणीबाई जागची हलली नाही.

"तू जाय वैष्णवी," ती ओट्यावरूनच म्हणाली. "आज नाही अडवत मी. माह्याच्यानं काय तोंड घेऊन अडवणं होते?"

"आता कायले जाऊ?" वैष्णवीनं नाक पुसलं. आवाजात अजून राग होता आणि तो ती लपवत नव्हती. "सापडलं ना आता. सापडत नव्हतं म्हून चालली होती." आणि मग पोरीचे केस सारखे करत म्हणाली, "मीच म्हटलं ना तुमाले, तुमच्याच हातानं खाते म्हून. मले तरी कुठं सुचलं? पण आई, आता तिले मी भरवीन. रडली तं रडू द्या."

"हो माय. तूच भरव."

दुसऱ्या दिवशी चौघं अकोल्याला गेली. रुख्मिणीबाईनं दंड पुढं केला, सुई टोचली तरी पाहत राहिली. तिचं अठ्ठावन्न निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोट दुखतं का? दुखतं, पण ते वयाचं असन. मनगट? मनगटात जोर नाही राह्यला, पण तेही वयाचंच. "किती वर्षांच्या आहात?" "चोपन्न," ती म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंनी मान खाली घालून बरंच काही लिहिलं. औषध दिलं. मणी चावायचा नाही, ओतायचं काम सहा महिने बंद, गोठ्यात पाऊल नाही. पोरीचं उतरेल, लवकर कळलं ते बरं झालं, असंही म्हणाल्या. निघता निघता रुख्मिणीबाईनं चाचरत विचारलं, "पोट्टीले घेतलं तं चालीन काय?"

"अहो, का नाही चालणार? सर्दी-खोकल्यासारखं पसरत नाही शिसं. चुळा भरायच्या, चावून द्यायचं नाही. बाकी पापी घ्या, काहीही करा."

बाहेर आल्यावर गोलू म्हणाला, "माय, चोख का नाही ते सुईनं टोचून पाह्यता येते. मी पाहत जाईन."

"सुईले काय समजते?" ती फटकन बोलून गेली. मग म्हणाली, "पाह्य बाप्पा. सुईनंच पाह्य."

येताना एसटीत दोघांच्या बाकावर गोलूला जागा मिळाली नाही, तो पुढं उभा राहिला. रुख्मिणीबाई खिडकीशी बसली, वैष्णवी कडेला, मध्ये पिशवी. पोरगी आईच्या मांडीवर झोपली होती. मंगरूळपीर सुटलं तशी ती जागी झाली, इकडंतिकडं पाहिलं आणि आजीकडे हात पसरले. वैष्णवीनं तिला तसंच धरून ठेवलं. पोरगी ओढ घ्यायला लागली, "आजी, आजी." वैष्णवीनं एकदा सासूकडे पाहिलं, मग मधली पिशवी उचलून खाली पायाशी ठेवली आणि पोरीला तिच्या मांडीवर दिलं.

रुख्मिणीबाईनं आधी पदर ओढला, तोंडावरून नेऊन कानामागं घट्ट खोचला, आणि मगच पोरीला जवळ घेतलं. पोरीला गंमत वाटली. ती हसत हसत पदर खाली ओढायला लागली. "आजी, भूऽ!" म्हणाली.

"डॉक्टर म्हणल्या ना चालते म्हून," वैष्णवी म्हणाली.

रुख्मिणीबाईनं मान हलवली. एका हातानं पोरीला पोटाशी धरलं, दुसऱ्या हातानं पदर तोंडावर दाबून धरला, आणि चेहरा खिडकीकडे वळवून ती बसून राहिली. इंझोरीचा फाटा येईपर्यंत तिनं तो हात काढला नाही.